तेराव्या क्रमांकाचं गाणं

१९८० सालच्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या एका छोट्या कंपनीनं काढलेली सात इंची तबकडी ब्रिटनच्या विक्रीयादीत चढत चढत तेराव्या क्रमांकावर पोचली. एरवी अशा वेळी पुढे काय व्हायचं ते ठरलेलं असे. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाचं बोलावणं यायचं, बँड स्टुडिओत जाऊन आपल्याच रेकॉर्डवर ओठ हलवायचा, भोवती मुलंमुली नाचायची आणि पुढच्या आठवड्यात गाणं आणखी दोन-चार पायऱ्या वर जायचं. या वेळी मात्र बोलावणं धाडायला बँडच उरला नव्हता.

बँडचं नाव जॉय डिव्हिजन. गाणं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’. गायक इयान कर्टिस यानं १८ मे रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅकल्सफील्डमधल्या राहत्या घरी आत्महत्या केली होती. दुसऱ्याच दिवशी चौघांना पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी विमान पकडायचं होतं. चौघांतला एक जरी गेला तरी हे नाव पुढे चालवायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. उरलेल्या तिघांनी तो शब्द पाळला. त्यामुळे जूनमध्ये रेकॉर्ड दुकानांत आली तेव्हा ती वाजवणारा बँड कागदोपत्रीही अस्तित्वात नव्हता.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत या सव्वातीन मिनिटांच्या गाण्यानं बरीच वळणं घेतली. ते गायकाच्या समाधीच्या दगडावर कोरलं गेलं, आणि फुटबॉलच्या मैदानात हजारो प्रेक्षक ते ओरडून गाऊ लागले. एका विस्कटत चाललेल्या संसाराचं गाणं एवढ्या लोकांनी आपलं कसं केलं, ही गोष्ट मला त्याच्या क्रमांकांपेक्षा अधिक सांगण्याजोगी वाटते. त्यासाठी आधी ते एक काम म्हणून कसं उभं राहिलं ते पाहायला हवं. गायकाच्या मृत्यूची बातमी कळली की लोक नेमकं तेच पाहायचं विसरतात.

*

मँचेस्टरचं नाव आपल्याकडे कापसामुळे घरोघर पोचलेलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्या पैशावर मुंबईच्या पेढ्या फुगल्या आणि युद्ध संपताच बुडाल्याही. शंभर वर्षांनंतर, १९७० च्या दशकात, तिकडच्या गिरण्यांची धुरांडी थंड पडली होती. मुंबईच्या गिरण्यांवर ती पाळी यायला आणखी थोडी वर्षं होती. शहरभर मोठमोठ्या इमारती रिकाम्या आणि स्वस्त पडल्या होत्या. ज्यांच्याकडे पैसा नाही आणि ज्यांना आवाज करायचा आहे अशा पोरांना जागा मिळाली ती याच इमारतींत. जॉय डिव्हिजनची तालीम टी. जे. डेव्हिडसन यांच्या खोल्यांत चाले. तीही अशीच एक जुनी औद्योगिक इमारत. हिवाळ्यात आत इतकी थंडी की बोटं आखडायची.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक मोजकेच होते. त्यांत सॅलफर्डचे दोन शाळासोबती होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. स्टेजवरच्या मंडळींना धड वाजवता येत नाही आणि तरी त्यांचं कुणावाचून अडत नाही, हे या दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी हुकनं आईकडून उसने पैसे घेऊन बास गिटार विकत आणली. पुढे गायक म्हणून कर्टिस आला, ड्रमवर स्टीव्हन मॉरिस आला. हे दोघे मॅकल्सफील्डचे. सुरुवातीला ‘वॉर्सा’ म्हणून वाजवणाऱ्या या बँडनं १९७८ च्या सुरुवातीला जॉय डिव्हिजन हे नाव घेतलं. नाझी छळछावण्यांतल्या स्त्रियांवरच्या एका कादंबरीतून ते उचललेलं होतं. त्यावरून टीका झाली, आणि ती होण्यासारखीच होती.

पंकनं दार लाथेनं उघडलं होतं. आत जाऊन काय करायचं, हा प्रश्न पुढच्या मुलांचा होता. लंडन, लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर अशा गावोगावी त्याची वेगवेगळी उत्तरं निघाली. त्या सगळ्यांना मिळून पोस्ट-पंक म्हणायचा प्रघात पडला. जॉय डिव्हिजनचं उत्तर थोडं अपघातानं सापडलं. हुकचा अँप्लिफायर इतका रद्दी होता की समनरच्या गिटारपुढे त्याला आपलीच बास ऐकू येत नसे. म्हणून तो खालचे स्वर सोडून वरच्या पट्टीत वाजवू लागला. कर्टिसला ते आवडलं. ‘असंच वाजव’ म्हणून तो त्याच्या मागे लागला. रॉकमध्ये बास एरवी खालून टेका देते. इथं तीच चाल गाऊ लागली, आणि गिटार बाजूला सरकून तुटक ओरखडे काढू लागली.

कर्टिस बँडमध्ये आला तेव्हा नोकरदार होता. रोजगार विनिमय केंद्रात अपंगांना काम मिळवून द्यायचं त्याचं काम. एकोणिसाव्या वर्षी डेबोराशी लग्न झालेलं, एप्रिल १९७९ मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याला अपस्मार असल्याचं निदान झालं होतं. औषधांनी गुंगी यायची, झटके मात्र थांबत नव्हते. आता ते स्टेजवरही येऊ लागले, आणि गाताना तो जे विलक्षण हातवारे करी त्यांत झटका कुठे सुरू झाला हे समोरच्या प्रेक्षकांना कळायचं नाही. मध्येच आनिक ऑनोरे ही बेल्जियन तरुणी त्याच्या आयुष्यात आली. घर एकीकडे आणि हे दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू झाली.

*

गाणं १९७९ च्या उत्तरार्धात तालमीच्या खोलीत जमलं. २६ नोव्हेंबरला बँडनं ते जॉन पील यांच्या बीबीसी रेडिओ वनवरच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रित केलं, आणि १० डिसेंबरच्या रात्री ते प्रसारित झालं. आठवडाभरानं, १८ डिसेंबरला, पॅरिसमध्येही ते वाजवलं गेलं. या तारखा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. त्या रात्री रेडिओला कान लावून बसलेल्यांच्या दृष्टीनं ते नुसतं एक नवं गाणं होतं. तो माणूस पाच महिन्यांनी जाणार आहे, हे त्यांच्या ऐकण्यात मिसळलेलं नव्हतं. तसं ऐकण्याची संधी तो गेल्यावर कुणालाच मिळाली नाही.

८ जानेवारी १९८० ला ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत ते सिंगलसाठी मुद्रित झालं. बँडला ते पसंत पडलं नाही. मार्चमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत पुन्हा सगळी मांडामांड झाली.

दोन्ही वेळा निर्माता होता मार्टिन हॅनेट. हॅनेटच्या हाताखाली काम करणं म्हणजे सोसणं. पहिल्या अल्बमच्या वेळी त्यानं मॉरिसला ड्रमचा एकेक भाग सुटा सुटा वाजवायला लावला होता. एका ड्रमचा नाद दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सांडता कामा नये, हा त्याचा हट्ट. मग त्या कोरड्या ठोक्यांवर तो डिजिटल डिले नावाच्या, तेव्हा नव्यानं आलेल्या यंत्रातून प्रतिध्वनी चढवायचा. ऐकताना वाटतं, मोठ्या रिकाम्या गोदामात कुणीतरी एकटं वाजवतं आहे. या सिंगलच्या वेळी तर मॉरिस काम संपवून झोपी गेला असताना पहाटे चारला हॅनेटचा फोन आला. स्नेअर ड्रम पुन्हा वाजवायचा आहे, परत ये. मॉरिस शिव्या घालत गेला आणि वाजवून आला. ते गाणं कानावर पडलं की आपल्याला आधी तो फोन आठवतो, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. जगाला ज्यात काळजाची चिरफाड ऐकू येते त्यात त्याला मोडलेली झोप ऐकू येते. दोन्ही खरंच आहे.

कर्टिसच्या गाण्यातही बदल झाला. रेकॉर्ड कंपनीचे सर्वेसर्वा टोनी विल्सन यांनी त्याला फ्रँक सिनात्राची रेकॉर्ड आणून दिली होती, ओरडण्याऐवजी स्वर धरून ठेवायला कसं शिकावं म्हणून. आधीच्या गाण्यांत कर्टिस भाषण ठोकल्यासारखा गातो. इथं त्याचा जड, खर्जातला आवाज प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडा थांबतो.

बाकी रचना ऐकाल तर शोकगीताची एकही खूण सापडत नाही. ठेका जलद आहे, नाचता येईल इतका. सुरुवातीला गिटारचे भरभर ओढलेले तुकडे, मग हुकची वरच्या पट्टीतली बास, आणि तीच चाल समनर सिंथेसायझरवर उचलतो. तो कळफलकाकडे गेल्यामुळे गिटार कर्टिसच्या गळ्यात आली. त्याला ती बेताचीच यायची, म्हणून त्याच्या वाट्याला जेमतेम काही स्वर ठेवले. चाल उजळ, गती धावती, आणि शब्द मात्र एकाच बिछान्यावर पाठ फिरवून झोपणाऱ्या दोघांचे. गाण्यात कुणाची बाजू घेतलेली नाही, कुणाला बोल लावलेला नाही. दोघांनाही दिसतं आहे, आणि दोघांकडूनही काही होत नाही. मजकूर आणि चाल अशा एकमेकांच्या विरुद्ध धावतात म्हणून गाणं रडकं होत नाही. लोक पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतात त्याचं कारण माझ्या मते इथं आहे.

*

गाणं काढणारी फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी म्हणजे एक वेगळंच प्रकरण. टीव्हीवर बातम्या देणारे विल्सन, अभिनेता ॲलन इरास्मस, ग्राफिक डिझायनर पीटर साव्हिल, निर्माता हॅनेट आणि बँडचा मॅनेजर रॉब ग्रेटन अशी तिथली मंडळी. खर्च वजा जाता नफा अर्धा अर्धा वाटून घ्यायचा, एवढाच व्यवहार. कंपनी जे जे करील त्याला एक अनुक्रमांक मिळे, मग ती रेकॉर्ड असो, भित्तीपत्रक असो की नाइट क्लब. हे वेड शेवटपर्यंत टिकलं. २००७ मध्ये विल्सन वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीलाही ५०१ हा क्रमांक दिला गेला. आपल्या या सिंगलचा क्रमांक २३.

त्याचं वेष्टन साव्हिलनं केलं. धातूच्या पत्र्यावर अक्षरं कोरून तो पत्रा मुद्दाम गंजवला, जुना केला, आणि त्याचं छायाचित्र छापलं. बारा इंची तबकडीवर इटलीतल्या जिनोव्हाच्या स्तालिएनो स्मशानभूमीतली, शोकानं कोसळलेल्या देवदूताची मूर्ती आली. जुलैत आलेल्या ‘क्लोजर’ या अल्बमवरही त्याच स्मशानातली समाधी होती. लोकांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं की बँडनं गायकाच्या मरणाची पुरेपूर सजावट केली आहे. वस्तुस्थिती उलटी होती. छायाचित्रं कर्टिसच्या हयातीतच निवडलेली होती, आणि ती त्यालाही पसंत होती. मृत्यूची बातमी आली तेव्हा मुखपृष्ठावर आपण समाधी छापतो आहोत हे साव्हिलच्या लक्षात आलं आणि तो हादरला. पण छपाई पुढे गेली होती.

मग रेकॉर्ड आली आणि तिच्याभोवती आख्यायिकेचं कवच चढू लागलं. ‘एनएमई’, ‘साउंड्स’, ‘मेलडी मेकर’ ही संगीताची साप्ताहिकं तेव्हा तरुणांत भक्तिभावानं वाचली जात. त्यांनी या बँडला मरणापूर्वीच मोठं केलं होतं, आता लिखाणात मृत्युलेखाचा सूर आला. ‘क्लोजर’ अल्बमच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डांची वेगळी यादी निघू लागली होती, तीत हे सिंगल अव्वल ठरलं. १९८१ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. जो बँड त्या देशात कधी गेला नाही आणि आता जाणारही नव्हता, त्याचं गाणं तिथं सगळ्यांच्या वर. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये ते पुन्हा विक्रीला आलं आणि एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी पॉल यंग या लोकप्रिय गायकानं ते आपल्या गुळगुळीत शैलीत गायलं. ब्रिटनच्या कितीतरी घरांत हे गाणं प्रथम शिरलं ते त्याच्या तोंडून. मूळच्या भक्तांनी नाकं मुरडली, पण चाल कुणाच्याही गळ्यात बसू शकते एवढं त्यातून सिद्ध झालं.

*

हुक, समनर आणि मॉरिस तिघांनीही पुढे आठवणी लिहिल्या. एका गोष्टीवर तिघांचं साधारण एकमत आहे. कर्टिस जिवंत असताना त्याचे शब्द त्यांनी नीट ऐकलेच नाहीत. तालमीच्या खोलीत गोंगाट असे, शब्द ही त्याची खाजगी बाब मानली जाई, आणि तो दुसऱ्या कुणाबद्दल लिहितो आहे असं मॉरिसला वाटे. ‘क्लोजर’च्या मुद्रणाच्या वेळी आनिक ऑनोरे यांना शब्द ऐकून धास्ती वाटली होती. हा माणूस हे खरंच म्हणतो आहे, असं त्यांनी विल्सनना सांगून पाहिलं. विल्सननी ती कला आहे म्हणून विषय मिटवला. एप्रिलमध्ये कर्टिसनं औषधांच्या जादा गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी बरीच्या कार्यक्रमासाठी त्याला नेलं गेलं, आणि तो जेमतेम दोन गाणी म्हणू शकला म्हणून प्रेक्षकांनी दंगल केली. त्याला विश्रांतीची आणि उपचारांची गरज होती, आणि बँड यशाच्या उंबरठ्यावर होता. विशी-तेविशीतल्या पोरांना थांबायचं कसं ते ठाऊक नव्हतं, आणि थांबवणारं वडीलधारं कुणी नव्हतं. बंडखोरीची फार स्तुती होते तेव्हा हा भाग सहसा गाळला जातो.

डेबोरा कर्टिस यांचं पुस्तक १९९५ मध्ये आलं आणि या आख्यायिकेला पहिली टाचणी लागली. काळ्या कोटातल्या शापित कवीच्या जागी तिथं घरखर्च, तान्हं मूल, संशय आणि हेका असलेला एक तरुण नवरा दिसतो. ज्या संसाराच्या पडझडीवर जगानं गाणं म्हणून जीव टाकला त्या संसारात त्या राहत होत्या. तरीही मॅकल्सफील्डच्या स्मशानभूमीतल्या दगडावर गाण्याचं शीर्षकच आहे. २००८ मध्ये तो दगड चोरीला गेला आणि नवा बसवावा लागला. भक्तीची हद्द कुठवर जाते ते यातून दिसतं.

कलावंताचा अंत ठाऊक असला की त्याची कला मागे वळून वाचायची खोड सगळीकडे आहे. बालकवींच्या उदास कविता भादली स्टेशनाजवळचा अपघात ठाऊक असलेल्या वाचकाला निराळ्याच दिसतात. हे टाळता येत नाही. पण या सिंगलवर या खोडीनं फार अन्याय केला आहे. गाण्याला अखेरची चिठ्ठी ठरवलं की हुकची बास, समनरची चाल, मॉरिसची मोडलेली झोप आणि हॅनेटचा हट्ट सगळं बातमीच्या मागे सरकतं. कर्टिसवरही अन्यायच होतो. एका हरलेल्या नात्याकडे इतक्या समतोलानं पाहणं ही त्याची कमाई होती, आजाराची नव्हे.

*

आख्यायिका अखेर सैल केली ती लोकांनीच. जाणकारांना ते जमलं नव्हतं. मँचेस्टर युनायटेडच्या प्रेक्षकांनी मुखड्यातल्या प्रेमाच्या जागी आपला लाडका खेळाडू रायन गिग्ज याचं नाव घातलं आणि प्रतिस्पर्ध्यांना फाडून काढायची धमकी त्याच चालीत देऊ लागले. गिग्ज सॅलफर्डच्या परिसरात वाढलेला, आणि हुक स्वतः युनायटेडचा चाहता. आपल्या बासची चाल पाऊस अंगावर घेत उभ्या असलेल्या हजारो गळ्यांतून ऐकू येणं यापरता सन्मान त्याला कोणता मिळणार? २००२ मध्ये ‘एनएमई’नं या गाण्याला सर्वकाळचं सर्वश्रेष्ठ सिंगल ठरवलं. २००४ मध्ये नूव्हेल व्हाग या फ्रेंच मंडळींनी ते बोसा नोव्हाच्या डुलत्या ठेक्यात गायलं. २०११ मध्ये लोकगीतं गाणाऱ्या जून टेबर यांनी ऑयस्टरबँडसोबत ते घेतलं आणि ते शे-दोनशे वर्षं जुनं असावं असं वाटू लागलं.

उरलेल्या तिघांनी १९८० मध्येच न्यू ऑर्डर हा बँड सुरू केला. जिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली, आणि नाचायच्या यंत्रसंगीतात त्यांनी मोठं नाव कमावलं. जॉय डिव्हिजनची गाणी त्यांनी बरीच वर्षं बाजूला ठेवली होती. १९९८ नंतर हे गाणं त्यांच्या कार्यक्रमांत परतलं. २००७ मध्ये हुक बाहेर पडला, पैसे आणि नाव यांवरून वाद कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये तडजोड झाली. न्यू ऑर्डर आपल्या मैफलींचा शेवट बहुधा या गाण्यानं करतात, आणि हुकही आपल्या वेगळ्या बँडसोबत तेच करतो. जुने शाळासोबती एका स्टेजवर येत नाहीत, पण दोघांच्याही समोर लोक तीच ओळ गातात. गर्दीत विशीतली मुलं असतात, त्यांचे आईवडीलही १९८० साली जेमतेम शाळेत असतील. त्यांच्यापैकी कुणीही शोक करायला आलेलं नसतं.

ज्यांनी हे गाणं अजून ऐकलेलं नाही त्यांना एक सुचवतो. मूळ सिंगलच्या दुसऱ्या बाजूला ‘दीज डेज’ या गाण्यानंतर ओल्डहॅमचं ते नापसंत ध्वनिमुद्रण छापलेलं आहे. एखाद्या बँडनं आपली फसलेली खेप त्याच तबकडीवर द्यावी हे क्वचितच घडतं, आणि आता ते कुठेही ऐकायला मिळतं. सुरुवात तिथून करावी. आवाज घाईत आहे, वाद्यं एकमेकांच्या अंगावर येतात, चाल नीट उठत नाही. मग बाजू पालटून स्टॉकपोर्टचं मुद्रण लावावं. कुठे काय काढलं, कुठे काय थांबवलं, पहाटे चारला कुणाला उठवणं का भाग पडलं, हे सगळं कानाला कळतं. एवढं कळल्यावर मग गायकाचं पुढे काय झालं ते आठवलं तरी गाण्याचं काही बिघडत नाही.